खंडेनवमीची मधली जागा

अक्का, तुझं ते मुसळ मला अजूनही पटलेलं नाही.

हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर गेलेल्या माणसाबद्दल सगळे गोड बोलतात तसा मीही बोलायला लागलो असं तुला वाटेल, आणि गोड बोलणाऱ्यांचा तुला किती राग होता ते मला माहीत आहे. दुकानात कुणी फार साखर पेरायला लागलं की तू त्याच्याकडं न बघता त्याच्या पिशवीकडं बघायचीस. तेव्हा साखर नको. खंडेनवमी तोंडावर आली असताना तू निघून गेलीस, आपला या वर्षीचा वाद अर्ध्यावर राहिला, आणि त्याचा मला राग आलेला आहे. रडूही येतं, पण आधी राग येतो.

जिंतूरच्या बाजारात आपल्या अप्पांचं दुकान म्हणजे लोखंडाचं दुकान. विळे, खुरपी, कुऱ्हाडी, कोयते, कुदळी, नांगराचे फाळ. खंडेनवमीला हे सगळं धुऊन पुसून तरटावर मांडायचं, हळदीकुंकू वाहायचं, झेंडूची फुलं ठेवायची. गल्लीतले लोकही आपापलं हत्यार आपल्याच दुकानात आणून मांडत. शिंप्याची कात्री, न्हाव्याचा वस्तरा, गवंड्याची थापी, हल्ली वायरमनची पक्कडसुद्धा. आणि या सगळ्यांच्या मधोमध एक जागा असायची, ती तुझी. तिथं दर वर्षी सिनेमातलं एक हत्यार बसायचं. पत्र्याचं, लाकडाचं, पुठ्ठ्याचं, वर बेगड लावलेलं, तू स्वतःच्या हातानं केलेलं. बाकी गाव पूजा बघायला यायचं आणि पोरंटोरं मधली जागा बघायला यायची.

याची सुरुवात जत्रेतल्या तंबूत झाली. तू परकर-पोलक्यात होतीस आणि मी तुझ्या मांडीला खेटून मातीत बसलो होतो. पडद्यावर देवादिकांचं युद्ध चाललं होतं. इकडून एक बाण निघाला, तिकडून एक निघाला, दोन्ही आकाशात समोरासमोर आले आणि ठिणग्या उडाल्या. सगळा तंबू गप्प झाला. बायांनी हात जोडले. आणि त्या शांततेत तू मला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलंस, "फाळ नीट बसवलेला न्हाई रे. नुसता चिकटवलाय. हलायलाय बघ." पुढच्या बाबानं मागं वळून आपल्याकडं असं बघितलं की मला वाटलं आता आपल्याला उठवतात. पण दुसऱ्या दिवशी तू डालड्याचा डबा कापून तसाच बाण केलास, फाळ मात्र नीट बसवलास. त्या वर्षी खंडेनवमीला तो गुपचूप मधे ठेवलास. अप्पांनी तो बघितला आणि बाकीच्या हत्यारांना लावलं तसं त्यालाही कुंकू लावलं. अप्पांचा तो होकार आपल्याला जन्मभर पुरला.

तेव्हापासून आपण सिनेमे बघायला लागलो ते हत्यारांसाठी. लोक गाणी लक्षात ठेवायचे, आपण मुठी लक्षात ठेवायचो. नायकाची आई मरत असायची, थेटरात हुंदके चाललेले असायचे, आणि तू माझ्या कानात सांगायचीस की मागच्या भिंतीवरची तलवार उलटी टांगलीय. एकदा एका राजाची तलवार ऐन लढाईत मधेच वाकली आणि तशीच वाकडी घेऊन तो लढत राहिला. तू इतकी हसलीस की आईनं तुझा हात धरून तुला बाहेर नेलं. पण टिंगल करण्यासाठी तू बघत नव्हतीस, हे मला ठाऊक होतं. एखादं हत्यार नीट केलेलं असलं, धरणाऱ्यानं ते नीट धरलेलं असलं, की तू पुढं सरकून बसायचीस आणि तुझा चेहरा असा काही व्हायचा की मी पडदा सोडून तुझ्याकडं बघत राहायचो. चाबूक तुला फार आवडायचा. आवाज आधी येतो, मार मागनं, म्हणजे माणसाला पळायला सवड मिळते, असं तुझं म्हणणं.

मी बंदुकीवाला. दुनाळी, रायफल, कमरेचं पिस्तूल, काहीही चालेल, धूर निघाला पाहिजे. तुला बंदुकीचं कौतुक कधीच नव्हतं. "त्यात हाताला काम काय हाय? बोट हलवलं की झालं," असं म्हणून तू माझ्या सगळ्या बंदुका निकालात काढायचीस. वर्षानुवर्षं भांडून मी एकदाच तुला नमवलं आणि मधल्या जागेवर माझं पिस्तूल बसलं. तू सागवानी लाकडाचं असं काही हुबेहूब करून ठेवलंस, काळा रंग देऊन, तेल पाजून, की बीटचे पोलीस जमादार दुकानापुढून जाताना थबकले. आत आले. टोपी काढून पूजेला नमस्कार केला आणि तोच हात पुढं करून पिस्तूल उचललं. वजन लागलं नाही तसे ते स्वतःच हसायला लागले. तोवर पूजा सांगणाऱ्या आपल्या स्वामींनी त्या पिस्तुलाला विभूतीही लावून टाकली होती. पुढं कितीतरी वर्षं मी बंदुकीचं नाव काढलं की तू म्हणायचीस, जमादाराला इचारून ये.

पिंगळीच्या सासरहून तू परत आलीस ते दिवस मात्र मला आठवायला नको वाटतात. भाऊजी गेले, तुझी गौरी कडेवर होती, आणि इकडं अप्पांची नजर मंदावलेली. मी परभणीला नोकरीत अडकलेलो. बाईमाणूस कोयते-कुऱ्हाडी विकणार हे कुणाच्या गळी उतरत नव्हतं. गिऱ्हाईक आलं की विचारायचं, मालक कुठं हायत. तू हातातलं काम न थांबवता सांगायचीस, "बोला, मालकच बोलायलेय." हळूहळू लोकांना सवय झाली. पुढं पुढं तर एखादा खेड्यातला म्हातारा मला उभा बघून विचारायचा, बाई कवा येणार हायत. मला त्याचं वाईट वाटायचं नाही, उलट छाती फुगायची. तुला हे मी कधी सांगितलं नाही. आपल्यात असलं काही सांगायची पद्धत नव्हती. तू मला सिनेमा सांगायचीस आणि मी तुला सिनेमा सांगायचो, बाकीचं त्यातच यायचं.

या वर्षीच्या वादाचं कारण गौरीचा मोबाईल. त्यावर तू दक्षिणेकडचा कुठला तरी मराठीत आणलेला सिनेमा बघितलास. त्यातली सून म्हणे गुंडांनी दार ठोठावल्यावर उखळातलं मुसळ उचलते, दाराला आडवं लावते आणि त्याला पाठ टेकून बसते. दार हादरतं, मुसळ हलत नाही. बस. एवढंच. कुणाच्या डोक्यात घालत नाही की काही नाही. आणि मी सांगत होतो तो कड्यावरून फेकलेला दुतोंडी परशू, वाऱ्यात गरगर फिरत जातो आणि खलनायकाच्या रथाचा कणा तोडतो. तू विचारलंस, फेकलेलं हत्यार आणायला मंग खाली कोण जातं. मी म्हणालो, सिनेमात कुणाला जावं लागत नाही. तू म्हणालीस, "हत्यार वापरून झालं की पुसून जागेवर ठेवतो तो खरा मानूस. फेकून देणारा कामाचा न्हाई." मी म्हणालो, मुसळ हे हत्यारच नाही, उद्या लाटणं बसवशील. आवाज चढले. गौरी मागं हसत होती, मला फोनवर ऐकू येत होतं.

शेवटी तू म्हणालीस, "फोनवर भांडन पुरत न्हाई, नागू. रविवारी ये. समोर बसून भांडू."

आपल्या लिंगायतांत माणूस गेल्यावर त्याला झोपवत नाहीत, बसवतात. त्या रविवारी तू माझ्यासमोर बसलेली होतीस अक्का. पाठ ताठ, कपाळावर विभूती, गळ्यात बेलाची माळ, तळहातावर लिंग ठेवलेलं. शेजारचे लोक मंत्र म्हणत होते आणि मी तुझ्या हाताकडं बघत होतो. अंगठ्याजवळची ती कानशीनं झालेली जुनी खूण दिसत होती. मला एकदम वाटलं की तू आता म्हणशील, बोल, तुझ्या परशूची बाजू मांड. मी मांडली असती. तिथं, सगळ्यांदेखत मांडली असती.

नंतर घरात पूजेचा प्रश्न निघाला. परभणीचे काका म्हणाले, या साली दुकानाचं शटर खालीच राहू द्या, लोक काय म्हणतील. गौरीनं त्यांना पाणी दिलं आणि शांतपणे सांगितलं की आपल्यात सुतक नाही, आई असती तर तिनं पूजा चुकवली नसती. काका थोडे कुरकुरले आणि पाणी पिऊन उठले. तुझी मुलगी आहे, दुसरं काय होणार. पण ते निस्तरल्यावर ती माझ्याकडं वळली. "मामा, मधी काय ठेवायचं?"

मुसळ ठेवावं तर तू गेलीस म्हणून दया दाखवल्यासारखं झालं असतं, आणि माझी दया तू चालवून घेतली नसतीस. परशू ठेवावा तर समोर कुणी नसताना जिंकल्यासारखं झालं असतं. तू हयात असतीस आणि हरून तोंड वाकडं केलं असतंस तर त्या परशूत मजा होती. मी गौरीला म्हणालो, या वर्षी जागा रिकामी ठेवू. ती नको म्हणाली. सगळी गल्ली ती जागा बघायला येते, रिकामी दिसली की प्रत्येक जण तिथं येऊन पुन्हा रडणार, आणि ते तिला सोसणार नव्हतं. तुम्हीच ठरवा म्हणाली. आई नेहमी तुमच्याशी भांडूनच ठरवायची.

भांडायला कुणी नव्हतं. मी दोन दिवस दुकानात बसून काढले. पत्रा घेतला, परशू आखला, कापायला सुरुवात केली आणि ठेवून दिला. घरातलं मुसळ आणून पुसलं, तेही परत नेऊन ठेवलं. गौरी येऊन बघायची आणि चहा ठेवून जायची. तू हे आयुष्यभर दर वर्षी कसं करत होतीस, ते मला तेव्हा कळलं. एका हत्याराची निवड करायची म्हणजे बाकी सगळ्या सिनेमांना नाही म्हणायचं, आणि ते म्हणायला तुझ्यासारखा पक्का माणूस लागतो.

खंडेनवमीची सकाळ झाली तरी माझं ठरलं नव्हतं. आम्ही तरट अंथरलं, हत्यारं मांडली. लोक येऊ लागले. शिंपी कात्री ठेवून डोळे पुसत गेला. न्हाव्यानं वस्तरा ठेवला. मधली जागा उघडी पडलेली, आणि प्रत्येक जण तिच्याकडं बघून न बघितल्यासारखं करत होता. तेवढ्यात खेड्याकडचे दोघं जण आले. तोंडावळ्यावरून भाऊ वाटत होते. धाकट्याच्या हातात फडक्यात गुंडाळलेला कोयता होता. त्यानं तो काढून तरटाच्या अगदी कडेला ठेवला, हात जोडले आणि तिथंच खाली बसला. त्याचं नाव दत्ता. थोरला रामकिशन. दर वर्षी येतो, दत्ता म्हणाला, बाईंच्या पूजेला ह्यो कोयता ठेवायला. म्हणजे दर वर्षी मी तो बघितला असणार. आपण मधल्या जागेवरून भांडत असताना तो कडेला पडलेला असणार.

मी चहा मागवला. दत्तानं चहाचा कप खाली ठेवला. मग भावाकडं बघून त्यानं बोलायला सुरुवात केली. फार मागची गोष्ट, म्हणाला. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांत जुंपली होती. बायकामाणसांसमोर थोरल्यानं त्याच्या कानाखाली मारली होती. तो तसाच उठून एस.टी.नं जिंतूरला आला आणि तुझ्या दुकानात शिरला. कोयता मागितला.

"बाईनं कोयता दिला. मी तो उचलला, उनात धरला, असा." त्यानं रिकामा हात खांद्याच्या वर नेला. "सिनेमात धरत्यात तसा. बाईनं माझ्या हाताकडं बघितलं. मंग काढूनच घेतला हातातून. म्हनल्या, ह्याची मूठ ढिली हाय. बस, पाचर ठोकून देते."

अक्का, मूठ ढिली आहे म्हणून गिऱ्हाईक बसवून ठेवताना मी तुला कितीदा बघितलंय. मला वाटायचं, हिला बोलायला माणूस हवा असतो. ऊस तोडणारा कोयता घेतो तेव्हा तो आधी वजन बघतो, अंगठा धारेवरून आडवा फिरवतो, वाकून खाली एक हात मारून बघतो. वर उचलून उन्हात कुणी धरत नाही. तसा तो फक्त पडद्यावर धरतात. हे तुझ्याइतकं कुणाला माहीत होतं? जन्मभर पडद्यावरचे हात बघितलेल्या बाईला समोरचा हात काय करायला निघालाय ते लगेच कळलं असणार.

तू पाचर ठोकत बसलीस आणि त्याला एक सिनेमा सांगायला लागलीस. दत्तानं तो आम्हाला जसा आठवला तसा सांगितला. त्यात एक माणूस आपल्या दुष्मनाला मारायला कोयता घेऊन पायी निघतो. वाटेत एक म्हातारी भेटते, म्हणते, लेकरा, हातात कोयता हाय तर बकरीला एवढा पाला तोडून दे. तो तोडून देतो. पुढं गाडीवान भेटतो, त्याच्या जुवाची खुंटी, शिवळ, मोडलेली असते, त्याला लाकूड तासून देतो. पुढं लग्नाचा मांडव लागतो, तिथं केळीचे खांब तोडून देतो. गाव येईपर्यंत असंच चाललेलं. दत्ता म्हणाला, चहा झाला, दुपार टळली, आपन कशासाठी आलाव तेच मी इसरलो. आणि तो माणूस दुष्मनाच्या दारात पोचला तिथं तू हातोडी खाली ठेवलीस. मूठ बसू द्यायला पाहिजे म्हणालीस. कोयता उद्या ने, आणि शेवटही उद्याच ऐक.

"मी रातभर इचार केला की त्यानं मारलं का न्हाई मारलं," दत्ता म्हणाला. "दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आलो. बाईनं सांगितलं, तो दुष्मन बाहेर येतो, कोयत्याकडं बघतो आन् म्हनतो, धार गेलीय की रे ह्याची. आन इकडं, लावून देतो."

रामकिशन खाली मान घालून बसला होता. तो तेव्हा पहिल्यांदा बोलला. "ह्यो घरी आला. मी इचारलं, नवा कोयता कामून आनला. तर म्हनला, ऊस तोडायला. आन् माझ्यापुढं धरला, म्हनला, दादा, धार लाव की." मग त्यानं डोळ्यांना रुमाल लावला. गौरी आतल्या दारात उभी होती, ती तिथंच उंबऱ्यावर बसली.

मी तो कोयता उचलून बघितला. धार लावून लावून पातं अर्धं उरलं होतं. मूठ मात्र पक्की होती, तुझी पाचर जिथल्या तिथं. दत्तानं मला विचारलं, "साहेब, त्या सिनेमाचं नाव काय वो? पोरायला मोबाईलवर दाखवायचाय. लय हुडकला, सापडंना. तुमाला ठावं असंल."

अक्का, मी तंबूपासून सगळे सिनेमे आठवले. तू बघितलेले, मी बघितलेले, एकमेकांना सांगितलेले. त्यात म्हातारी आणि बकरी नव्हती, मोडलेली शिवळ नव्हती, दारात धार लावून देणारा दुष्मन नव्हता. असा सिनेमा कुणी काढलेलाच नाही. तो तू त्या दुपारी काढलास, हातोडीच्या एकेका ठोक्याला एकेक रीळ जोडत, एका पोराचा हात खाली यावा म्हणून. शेवट तुलाही त्या दिवशी सुचला नसणार. म्हणूनच उद्यावर टाकलास.

मी त्याला म्हणालो, नाव माझ्याही लक्षात नाही. पण अक्काला सिनेमातल्या हत्यारांमध्ये हा कोयता सगळ्यांत आवडायचा. हे मी का बोललो ते माहीत नाही, पण खोटं बोललो असं मला वाटलं नाही. मग मी कोयता कडेवरून उचलला आणि मधे ठेवला. गौरी उठून आली, तिनं त्याला हळद लावली, कुंकू लावलं. स्वामींनी विभूती लावली. गल्लीतली पोरं वाकून वाकून बघत होती आणि त्यातल्या एकानं विचारलंच की हा कुठल्या सिनेमातला. गौरी म्हणाली, माझ्या आईच्या.

तर कुणाच्या डोक्यात न घालताही हत्यार कामाला येतं, हा या वर्षीचा वाद तू जिंकलीस. मी हरलो आणि मला हरल्याचा आनंद आहे. पण माझी एक तक्रार आहे आणि ती मी सोडणार नाही. लहानपणापासून तू मला प्रत्येक सिनेमा सांगितलास. बघितलेला सांगितलास, अर्धा बघितलेला सांगितलास, नुसती पाटी बघून आलीस तरी सांगितलास. आणि जो तू स्वतः काढलास तेवढाच मला सांगितला नाहीस. तो मला दत्तानं सांगितला. चांगला माणूस आहे, पण त्याला सिनेमा सांगता येत नाही गं. मधेच थांबतो, मागचं पुढं करतो. मला तो तुझ्या तोंडून ऐकायचा होता.